ओल, बुरशी आणि 7,800 पौंडांचं कोटेशन: रेडिंगच्या एका घराचं प्रकरण

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग शहरात 1930 च्या दशकात बांधलेलं एक सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेलं. तीन बेडरूम, दोन्ही मजले मिळून 95 चौरस मीटर. राहणारं कुटुंब मराठी: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आणि दर हिवाळ्यात रत्नागिरीहून येणाऱ्या आजी. घर विकत घेऊन तीन वर्षं झाली होती. उत्तरेकडच्या बेडरूममध्ये कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरत होती. पुसली की महिन्याभरात पुन्हा उगवायची. मुलाला दमा आहे, आणि उन्हाळ्यात परागकणांचाही त्रास होतो. म्हणून घाई होती.

त्यांनी एका विक्रेत्याला बोलावलं. त्यानं घर पाहून हीट रिकव्हरीसह यांत्रिक वायुवीजन, म्हणजे एमव्हीएचआर, बसवायचं कोटेशन दिलं: 7,800 पौंड. सोबत तोंडी आश्वासन की बुरशी जाईल, हवा गाळून येईल आणि गॅसचं बिल एक तृतीयांशानं कमी होईल. मी इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो, आणि या कुटुंबाशी घरोबा आहे. सही करण्याआधी वहिनींनी मला कागद पाठवले आणि विचारलं, "दादा, घ्यावं का?"

यंत्राचं काम थोडक्यात असं. स्वयंपाकघर, बाथरूम आणि टॉयलेटमधली ओलसर हवा एका पंख्यानं ओढून बाहेर टाकली जाते, आणि दुसऱ्या पंख्यानं बाहेरची ताजी हवा बेडरूम आणि दिवाणखान्यात सोडली जाते. मधल्या पेटीत हे दोन प्रवाह पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा एकमेकींत मिसळत नाही, पण जाणारीची ऊब येणारीला मिळते. कल्पना जुनी आणि पक्की आहे. 1977 साली कॅनडातल्या रेजायना इथं बांधलेल्या प्रायोगिक घरात ती वापरली होती, 1991 च्या जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या पहिल्या पॅसिव्हहाउसमध्येही (पॅसिव्हहाउस म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर उबदार राहणारं हवाबंद घर). नॉर्विचच्या गोल्डस्मिथ स्ट्रीटवरची नगरपालिकेची घरंही पॅसिव्हहाउस पद्धतीची आहेत, आणि त्यांना 2019 मध्ये ब्रिटिश वास्तुकलेतला स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. या यंत्राबद्दल मला आदर आहे. मी ते अनेक घरांत बसवायला सांगितलं आहे. प्रश्न फक्त या घराचा होता.

आणि तो प्रश्न खरं तर दोन प्रश्नांचा होता. या घरात हवा पुरेशी खेळती आहे का, हा पहिला. बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब परत मिळवणं इथं परवडतं का, हा दुसरा. कोटेशनमध्ये दोन्हींना मिळून एकच उत्तर होतं. मी ते वेगळे केले.

आधी मोजमाप

कोणतंही यंत्र निवडण्याआधी डिसेंबरमध्ये तीन खोल्यांत छोटे लॉगर ठेवले: तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे. उत्तरेकडच्या बेडरूममध्ये रात्री 18 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता भरली. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं दव होऊ लागतं तो, साधारण 12.4 अंश येतो. कपाट ओढून मागच्या भिंतीच्या कोपऱ्याचं तापमान घेतलं तर ते 12.5 अंश. म्हणजे भिंतीवर दव साचायला जेमतेम काही कसर उरली होती. बुरशीला तर दव साचायचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की तिचं भागतं.

त्याच खोलीत दार बंद करून दोन माणसं झोपल्यावर पहाटे कार्बन डायऑक्साइड 2,600 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 2,600 भाग) चढत होता. बाहेरच्या हवेत तो 420 च्या आसपास असतो. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं असं दोघंही सांगत होते. ती खोली रात्रभर जवळजवळ एकाच हवेवर चालली होती.

मग ब्लोअर डोअर चाचणी करून घेतली. पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरात 50 पास्कलचा दाबफरक निर्माण करतात आणि फटींतून किती हवा जाते ते मोजतात. निकाल आला 7.6, म्हणजे घराच्या बाह्य आवरणाच्या दर चौरस मीटरमागे तासाला 7.6 घनमीटर. जुन्या घराच्या मानानं हे वाईट नाही. आधीच्या मालकानं खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या होत्या, शेकोट्या बंद केल्या होत्या, गालिचे अंथरले होते. ढोबळ हिशेबानं, सरासरी हिवाळ्यात या घराच्या फटींतून सेकंदाला 25 लिटर हवा आत-बाहेर होते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतला पार्ट एफ, म्हणजे वायुवीजनाचा भाग, तीन बेडरूमच्या घराला किमान 31 लिटर सांगतो.

आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण फटींची हवा भरवशाची नसते. वारं सुटलं की धो धो, वारं पडलं की नाहीच. शिवाय ती तळमजल्याच्या फळ्यांतून शिरते आणि पोटमाळ्याच्या झाकणातून निघून जाते. उत्तरेकडच्या बंद बेडरूममध्ये ती पोचतच नव्हती. खिडक्यांच्या चौकटीतले हवेचे झरोके रंगानं बुजले होते. आतली दारं गालिचाला घासत होती, त्यामुळे दार लावलं की खोली डबाबंद.

ओल कुठून येत होती

विक्रेत्यानं जाता जाता ऐकवलं होतं की तुमच्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे घर ओलं होतं. वहिनींना ते लागलं, आणि मलाही. चार-पाच माणसांच्या कोणत्याही घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि कपडे मिळून रोज दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. वरण-भात शिजवणारं घर असो की बटाटे उकडणारं, त्यात मोठा फरक पडत नाही. रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या कुटुंबाच्या राहणीमानाबद्दल, आंघोळीच्या पद्धतीबद्दल घरमालक संस्थेनं गृहीतकं धरली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी संपली, आणि त्यातून सामाजिक भाड्याच्या घरांसाठी त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा आला. त्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये लागू झाला. रेडिंगचं हे कुटुंब स्वतःच्या घरात राहतं, त्यांना तो कायदा लागू नाही. पण ओलीचं खापर राहणाऱ्यांवर फोडून मोकळं होण्याची सवय किती महागात पडते, ते त्या प्रकरणात दिसलं.

तरी ओलीचे स्रोत शोधायचे होतेच. दोन ठळक सापडले. एक, गॅसच्या शेगडीवरचा हूड. तो हवा बाहेर टाकत नव्हता, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत स्वयंपाकघरातच सोडत होता. इंग्लंडमध्ये असे हूड सर्रास दिसतात. त्यानं फोडणीचा वास थोडा मरतो, पण वाफ आणि ज्वलनातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतो. दमेकरी मुलाच्या घरात ही पहिली दुरुस्त करायची गोष्ट होती. दुसरा स्रोत म्हणजे हिवाळ्यात जिन्यापाशी वाळत घातलेले कपडे. वॉशिंग मशीनच्या एका फेरीतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, आणि ते सगळं वरच्या मजल्यावर चढत होतं.

तिसरी गोष्ट समजुतीची होती. आजी घरात असल्या की खिडक्या घट्ट बंद असायच्या. "अहो, बाहेर दिवसभर पाऊस. खिडकी उघडून आणखी ओल आत घ्यायची का?" रत्नागिरीत आयुष्य काढलेल्या माणसाचा हा विचार तिथे अगदी बरोबर आहे. जुलैत कोकणातली हवा 27-28 अंशांवर बाष्पानं भरलेली असते. खिडकी उघडली की पापड मऊ पडतात, कपड्यांना कुबट वास येतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात गणित उलटं होतं. बाहेर 5 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असली, तरी थंड हवेत बाष्प मावतंच कमी. तीच हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 34 टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाच्या दिवशीही बाहेरची हवा घर वाळवते. मी आजींना सांगितलं आणि लॉगरचा आलेख दाखवला: खिडकी अर्धा तास उघडली तेव्हा आर्द्रतेची रेघ कशी खाली उतरली ते. आलेख पाहून त्यांना पटलं. मराठी घरांतून हा गैरसमज इतका दिसतो की तो इथे सविस्तर लिहावासा वाटला.

सेकंदाला 31 लिटर हवा सतत बदलली तर अशा हिवाळ्यात दिवसाला दहा लिटर पाणी बाहेर पडून आतली आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास राहते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट होतं. या घराला यांत्रिक वायुवीजन हवंच होतं. खिडक्या उघडायची आठवण ठेवा, एवढ्यावर भागणार नव्हतं. जानेवारीत रात्री दोन वाजता कोणी खिडकी उघडत नाही.

ऊब वाचवण्याचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. गॅसबिल एक तृतीयांशानं कमी होईल या आश्वासनापासून सुरुवात केली. त्यांच्या घरात वर्षाला सुमारे 12,000 युनिट (किलोवॅट-तास) गॅस लागत होता. 6.5 पेन्स दरानं 780 पौंड. त्याचा तिसरा हिस्सा 260 पौंड.

सेकंदाला 31 लिटर, म्हणजे तासाला सुमारे 112 घनमीटर हवा. या भागातल्या हिवाळ्यासाठी वर्षाला साधारण 2,000 डिग्री-दिवस (बाहेर किती अंशांनी आणि किती दिवस थंडी असते, त्याची बेरीज) धरले, तर एवढी हवा तापवायला 1,770 युनिट उष्णता लागते. घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरची कार्यक्षमता धरून 2,000 युनिट गॅस, 130 पौंड. हवेतली सगळीच्या सगळी ऊब परत मिळाली तरी 130 पौंडांच्या वर काही वाचू शकत नव्हतं. आणि मुळात घरात तेवढी हवा बदलतच नव्हती, हीच तर तक्रार होती. जी उष्णता आज खर्च होत नाही ती यंत्र कुठून वाचवणार?

म्हणून तुलना करायची ती दोन नव्या स्थितींमध्ये. एका बाजूला एमव्हीएचआर. दुसऱ्या बाजूला साधे पण सतत मंद चालणारे एक्झॉस्ट पंखे, स्वयंपाकघर, बाथरूम आणि टॉयलेटमध्ये एकेक, आणि ताजी हवा यायला खोल्यांतले झरोके.

फटींचा मुद्दा निर्णायक ठरतो तो इथे. एमव्हीएचआर संतुलित असतं. जितकी हवा बाहेर, तितकीच आत. घरातला दाब बदलत नाही, त्यामुळे फटींतून होणारी 25 लिटरची ये-जा जशीच्या तशी चालू राहते, आणि ती हवा पेटीतून जात नसल्यानं तिची ऊब परत मिळत नाही. पेटीतून जाणाऱ्या 31 लिटरपैकी प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश ऊब परत मिळाली असं धरलं, तर उष्णतेच्या हिशेबात घर 25 अधिक 8, म्हणजे 33 लिटर हवा गमावतं. नुसते एक्झॉस्ट पंखे लावले तर घरात किंचित कमी दाब तयार होतो, आणि फटींतून येणारी हवाच पंख्यांची गरज काही प्रमाणात भागवते. दोन्ही प्रवाहांची सरळ बेरीज होत नाही, एकूण 40 लिटरच्या आसपास येतं.

33 आणि 40. एवढाच फरक. वर्षाच्या गॅसमध्ये तो 30 पौंडांच्या आत बसतो. एमव्हीएचआरचे दोन पंखे आणि त्यांची नियंत्रणं मिळून 34 वॅट सतत घेणार होती. वर्षाला 300 युनिट वीज, 26 पेन्स दरानं 78 पौंड. तीन एक्झॉस्ट पंख्यांना मिळून 9 वॅट, म्हणजे 20 पौंड. वर फिल्टरचे वर्षाला 50 पौंड. ऊब वाचवणारं यंत्र या घरात साध्या पंख्यांपेक्षा दरवर्षी सुमारे 80 पौंड जास्त खाणार होतं. बसवण्याच्या खर्चातला फरक त्याहून वेगळा.

तेच घर हवाबंद असतं, चाचणीचा निकाल 1 च्या जवळ असता, तर फटींतून जेमतेम 3 लिटर गेले असते. मग तुलना 11 आणि 31 ची झाली असती, आणि वर्षाला 1,100 युनिटांहून अधिक उष्णता वाचली असती. डार्मस्टाट आणि नॉर्विचच्या घरांत हे यंत्र शोभतं ते म्हणून. तिथे आधी भिंती, छप्पर आणि सांधे हवाबंद केले आणि मग यंत्र बसवलं. निकाल 3 च्या खाली असल्याशिवाय निव्वळ ऊर्जेसाठी मी एमव्हीएचआर सुचवत नाही. पुण्या-नाशिकच्या घरासाठी कोणी विचारलं तर तेही सांगतो की आत-बाहेरच्या तापमानात फारसा फरकच नसेल तर परत मिळवायला ऊब नाही. तिथे धुळीसाठी गाळलेली हवा हा स्वतंत्र विषय आहे.

कोटेशनमधल्या मांडणीबद्दलही मला शंका होत्या. पेटी थंड पोटमाळ्यावर ठेवायची होती, पण डक्टना, म्हणजे हवा नेणाऱ्या नळ्यांना, उष्णतारोधक आवरण किती जाडीचं, याचा उल्लेख नव्हता. पेटीत साचणारं पाणी वाहून नेणारी नळी थंडीत गोठू नये याची तजवीज नव्हती. तळमजल्यावर डक्ट न्यायला मुलीच्या खोलीतलं कपाट फोडावं लागणार होतं. आणि बसवल्यावर प्रत्येक जाळीपाशी हवा मोजून प्रवाह जुळवणं हे काम यादीतच नव्हतं. माझ्या लेखी हे शेवटचं सगळ्यात गंभीर. प्रवाह न जुळवलेली यंत्रं मी पाहिली आहेत. आवाज करतात, एका खोलीत वारा आणि दुसरीत काहीच नाही, आणि दोन महिन्यांत घरचे लोक ती बंद करून टाकतात.

मुलाचा दमा

वहिनींच्या यजमानांना हिशेब पटला. वहिनी अडून बसल्या. त्यांचं म्हणणं वजनदार होतं: "पैशांचं राहू दे. फिल्टरमधून हवा आली तर याला जूनमध्ये श्वास घेता येईल, त्याचं काय?"

एमव्हीएचआरच्या बाजूचा खरा मुद्दा हाच आहे, आणि मी तो हलका धरला नाही. चांगला फिल्टर परागकण बऱ्यापैकी अडवतो आणि रस्त्यावरच्या धुरातले बारीक कणही कमी करतो. त्यांचं घर गजबजलेल्या रस्त्यापासून फार लांब नाही. पण इथेही फटी आड येतात. 25 लिटर न गाळलेली हवा तशीच येत राहणार. शिवाय गवताचे परागकण उडतात तो जून महिना उकाड्याचा, आणि हे यंत्र घर थंड करत नाही. जूनमध्ये खिडक्या उघडल्याच जाणार, मग गाळलेल्या हवेचा उपयोग किती? मुलाच्या एका खोलीत हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) हवा शुद्ध करणारा पंखा ठेवला, तर त्याच्या झोपेचे नऊ-दहा तास तरी हाती लागतात, आणि तो दोनशे पौंडांत येतो. त्याच्या दम्याच्या डॉक्टरांशी बोलून मग त्यांनी ते ठरवलं. वहिनींचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

काय केलं

एमव्हीएचआर घेतलं नाही. तीन सतत चालणारे पंखे बसवले: स्वयंपाकघरात 15 लिटर, बाथरूममध्ये 10, टॉयलेटमध्ये 6. बसवणाऱ्यानं प्रत्येकाचा प्रवाह मोजून लिहून दिला. काम करण्याआधी एक गोष्ट तपासली: घरात उघड्या धुराड्याचं कोणतंही गॅसचं उपकरण नाही ना. बॉयलर बंद प्रकारचा, म्हणजे ज्वलनाची हवा थेट बाहेरून घेणारा होता, म्हणून चाललं. नाहीतर पंख्यांच्या ओढीनं धुराड्यातला विषारी वायू घरात येऊ शकतो. शेकोटी किंवा जुना गॅस हीटर असलेल्या घरात हे तपासल्याशिवाय पंख्याला हात लावू नये.

हूड बदलून बाहेर हवा टाकणारा बसवला. झरोक्यांवरचा रंग खरवडून ते मोकळे केले, आणि जिथे नव्हते तिथे नवे बसवले. प्रत्येक खोलीला 4,000 चौरस मिलिमीटर. सुतारानं आतली दारं खालून दहा मिलिमीटर कापली. कपडे बाथरूममध्ये, पंखा चालू ठेवून, दार लावून वाळवायचे ठरलं. उत्तरेच्या भिंतीपासून कपाट हातभर नाही, पण चार बोटं पुढे ओढलं. सगळा खर्च 1,900 पौंडांच्या आत राहिला.

पुढच्या जानेवारीत त्याच बेडरूममध्ये 18 अंशांना आर्द्रता 55 टक्के मिळाली. कपाटामागे हवा फिरू लागल्यानं कोपऱ्याचं तापमान 14 अंशांवर आलं, आणि भिंतीलगतची आर्द्रता 71 टक्क्यांवर उतरली. बुरशी साफ करून रंग दिल्यानंतर ती पुन्हा आलेली नाही. पहाटेचा कार्बन डायऑक्साइड 1,200 च्या जवळपास असतो. गॅसचं बिल थोडं वाढलं, वर्षाला साठेक पौंड, आणि ते वाढणारच होतं. ताज्या हवेची ती किंमत आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. एक तक्रार राहिली: झरोक्यातून येणारी थंड हवा जानेवारीत पलंगाच्या उशाशी लागते. झरोक्याला हवा वर वळवणारी झडप लावली, पलंग फिरवला. त्रास कमी झाला, गेला नाही. एमव्हीएचआर असतं तर हा त्रास नसता.

दोन-तीन वर्षांत पोटमाळ्यावर खोली काढायचा त्यांचा विचार आहे. तेव्हा छप्पर उघडेल, भिंतींना आतून उष्णतारोधक थर देता येईल, सांधे नीट बंद करता येतील. वास्तुविशारदाच्या नकाशात जिन्याच्या वर, उबदार भागात, पेटीसाठी एक कपाट आणि तिथून खाली उतरणाऱ्या दोन डक्टची वाट आखून ठेवली आहे. भिंतींचं काम झालं की पुन्हा ब्लोअर डोअर चाचणी करायची. निकाल 3 च्या खाली आला तर पेटी घ्यायची, नाहीतर ते कपाट अंथरुणं ठेवायला.